बंडलला बरं वाटलं

आत्याला बंडलनं आजवर तीनदा मारलं होतं. पहिल्यांदा हृदय बंद पाडून, कारण त्याला कारखान्यातून रजा हवी होती. दुसऱ्यांदा बसखाली घालून. तेव्हा शेजारपाजाऱ्यांनी हळहळत खिसे मोकळे केले होते. तिसऱ्यांदा त्यानं तिला नदीत बुडवली आणि ते बुडणं इतकं रंगवून सांगितलं, की ऐकणारी एक बाई डोळे पुसत सांत्वनाला थेट घरी आली. दार आत्यानंच उघडलं. बाई दारातच आडवी झाली. पाणी मारून तिला शुद्धीवर आणली, तर शुद्धीवर आल्यावर पुन्हा आत्याच दिसली, आणि तिनं दुसऱ्यांदा डोळे पांढरे केले. आत्याची तक्रार एवढीच होती, "मेल्या, एकदा तरी झोपेत मार. दर वेळी धडपडायला लावतोस."

तर अशा या बंडलनं, घरातल्या धाकट्या भावानं, त्या दुपारी दाराच्या चौकटीला खांदा टेकून म्हटलं, "ताई, पोटात दुखतंय," तेव्हा घरातलं एकही माणूस जागचं हललं नाही.

घर तसंही घाईत होतं. संध्याकाळी थोरलीचा सत्कार होता. मधल्यानं गाडी पुसून पुसून तिचा रंग पातळ केला होता, भावजय इस्त्री घेऊन सगळ्यांच्या मागे लागली होती, आणि थोरली आरशासमोर बसून, लोक आपलं कौतुक करत असताना चेहरा कसा ठेवायचा याचा सराव करत होती. तो तिला जमत नव्हता. तीस-बत्तीस वर्षं नर्सचं काम केलेल्या बाईला दुसऱ्याच्या वेदनेकडे कसं पाहायचं ते ठाऊक असतं. कौतुकाकडे पाहायची सवय नसते.

सत्कार कशाचा, हे अख्ख्या शहराला माहीत होतं. ज्याला कुठल्याच वॉर्डात जागा नसायची, त्याची जागा थोरलीच्या वॉर्डात. बेड्या घालून आणलेला कैदी, रस्त्यावरची जखमांनी सडलेली म्हातारी, बायकांच्या वॉर्डातून पुरुषांच्या आणि पुरुषांच्या वॉर्डातून पुन्हा बायकांच्या वॉर्डात चेंडूसारखी टोलवलेली ती उंच लिपस्टिकवाली, आणि नस सापडू नये इतके हात टोचून घेतलेली पोरं. बाकीचे लोक कॉटच्या पायथ्याशी उभे राहून, नाकाशी रुमाल धरून विचारायचे, "काय होतंय?" थोरली कॉटवर बसायची. पेशंटच्या कॉटवर बसू नये हा नर्सिंगचा पहिला धडा. तो धडा तिनं पहिल्याच वर्षी मोडला. बसायची, आणि विचारायची, "कुठं दुखतंय?" आणि उत्तर येईल ते खरं धरायची.

याच मुद्द्यावरून ती सख्ख्या आईशी भांडली होती. आईही नर्सच. आईच्या काळी वॉर्डात एक युक्ती चालायची. पेशंट गर्दुल्ला, दारुड्या किंवा वेडसर असला आणि दुखतंय म्हणून ओरडत असला, की त्याला नुसत्या पाण्याचं इंजेक्शन टोचायचं. बरं वाटलं म्हणाला, की चोर सापडला! मग अख्खा वॉर्ड हसायला मोकळा. थोरलीनं आपल्या वॉर्डात हे बंद केलं, त्या दिवशी आई जेवली नव्हती.

"पोटात दुखतंय," बंडल पुन्हा म्हणाला.

"छान," मधला म्हणाला. तो बांधकामाची कंत्राटं घ्यायचा आणि घरातही मजुरांशी बोलल्यासारखाच बोलायचा. "मुहूर्त अगदी बघून आलास. काल नाही दुखलं? उद्या नसतं दुखलं?"

"रात्रीपासून दुखतंय, दादा. सकाळी कॅज्युअल्टीत गेलो होतो."

"मग?"

"म्हणाले, नाटकं बंद कर. जुनी ओळख आहे ना माझी तिथं."

"म्हणजे त्यांनासुद्धा कळतं. आम्हीच तेवढे खुळे."

बंडल कोचाच्या कडेवर बसला. बसला म्हणण्यापेक्षा घडी घालून ठेवल्यासारखा झाला. नशा सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती. सायकली दुरुस्त करायचा, पोरांना गोष्टी सांगायचा, आणि पंक्चर काढून घ्यायला येणाऱ्यांपेक्षा गोष्टी ऐकायला येणारेच जास्त असायचे. पण माणसाची कात गळून पडते, नाव नाही गळत. बंडल तो बंडलच.

"ये, इकडं ये माझ्याजवळ," आत्या खुर्चीतून म्हणाली. "आज कुणाला मारून आलास?"

एरवी अशा वेळी बंडलनं तिला चौथ्यांदा मारलं असतं, विहिरीत नाहीतर विजेच्या तारेवर. आज नुसता ओठ वाकडा करून हसल्यासारखं केलं आणि थोरलीकडे पाहिलं.

"ताई, काहीतरी दे ना. इंजेक्शन दे. भारीतलं."

झालं. 'इंजेक्शन' म्हटलं आणि 'भारीतलं' म्हटलं, आणि खोलीतली हवा बदलली. भावजयीनं इस्त्री उभी केली. मधला थोरलीजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, म्हणजे तिसऱ्या घरापर्यंत जाईल इतक्या दबक्या आवाजात, "पुन्हा सुरू केलं वाटतं यानं. ताई, भावोजींच्या वेळचं विसरलीस?"

थोरली विसरली नव्हती. तिचा नवरा याच खोलीत झिजून झिजून गेला. हाडांतलं दुखणं. दुखणं मारायच्या औषधाची एक बाटली मिळायची, चमच्यानं द्यायची. शेवटच्या दिवसांत औषध लागूच पडेना. ती चमचा तोंडाशी धरायची आणि म्हणायची, "थांबा, आत्ता गुण येईल." गुण आला नाही. नवरा गेल्यावर तिनं एकदा सहज बाटली उघडून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पाणी होतं. औषध बंडलनं पिऊन टाकलं होतं आणि बाटली नळाखाली भरून जागेवर ठेवली होती. त्यानंतर तो सुधारला, पाया पडला, रडला, आणि तिनं त्याला माफ केलं असं तिनं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ते खरं मानलं. तिनंसुद्धा.

"हॉलवर गाडी यायची वेळ झाली पाहुण्यांची," मधला म्हणत होता. "याला असा इथं सोडून गेलो तर कपाट फोडेल. बरोबर नेला तर हॉलमध्ये तमाशा. ऐक माझं. आई काय करायची?"

"वॉर्डातलं घरात आणू नकोस," थोरली म्हणाली.

"मग घरातली माया वॉर्डात नेतेस ती? आज लोक तुला डोक्यावर घेणार आहेत. एक दिवस, ताई. फक्त एक दिवस कळू दे आपल्याला, खरं काय ते."

आत्याला आठवड्याला ताकदीचं इंजेक्शन असायचं. भुकटीची एक बाटली आणि ती विरघळवायला पाण्याची एक कुपी. थोरली कपाटापाशी गेली. भुकटीला तिनं हात लावला नाही. कुपीची मान मोडली, सुईनं पाणी ओढलं, बुडबुडा वर आणून टिचकी मारून घालवला. हात सराईत होता. असल्या कामात हाताला मन लागत नाही, हेच वाईट.

"वळ."

बंडल वळला. ती उभीच होती. कोचावर त्याच्या शेजारी एका माणसाला पुरेल इतकी जागा मोकळी होती. सुई गेली, पाणी गेलं, तिनं कापूस दाबून धरला. बंडलच्या पाठीचा एक स्नायू थरथरला आणि थांबला.

तो हळूच वळला. तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, म्हणजे कापूस टाकून ती हात पुसेपर्यंत.

"गेलं की गं," तो म्हणाला. "काय हात आहे तुझा, ताई! बघ, बरं वाटलं. जा तुम्ही आता. पहिल्या रांगेतली माणसं खोळंबली असतील."

मधल्यानं भुवया उंचावून थोरलीकडे पाहिलं. गाडीत बसेपर्यंत त्यानं दम धरला आणि मग स्टिअरिंगवर थाप मारली. "पाणी! नुसतं पाणी! आणि काय म्हणे, बरं वाटलं! आई शहाणी बाई होती."

"वन्सं, पण घाम किती आला होता त्यांना," भावजय मागच्या सीटवरून म्हणाली.

"ऊन आहे," थोरली म्हणाली.

ऊन कलून गेलं होतं.

हॉलमध्ये भाषणं झाली. भाषण करणारे एकापेक्षा एक. एकानं थोरलीला दीपस्तंभ म्हटलं, दुसऱ्यानं वटवृक्ष, तिसऱ्याला काही उरलंच नाही म्हणून त्यानं तिला दीपस्तंभाखालचा वटवृक्ष केलं. मग तिला मोठं जडशीळ काचेचं सन्मानचिन्ह दिलं. ओंजळ धरलेले दोन तळवे. ओंजळीत काही नव्हतं.

"या बाईंचं मोठेपण एकाच वाक्यात सांगायचं," मुख्य पाहुणे म्हणाले, "तर यांनी कधीही कुणाचंही दुखणं खोटं मानलं नाही."

टाळ्या झाल्या. मधला सगळ्यांत जोरात वाजवत होता. आणि त्या टाळ्यांच्या कल्लोळात, ज्या हाताकडे लक्ष नव्हतं त्या हातानं आता थोरलीच्या मनाला हाक मारली. कापूस हातात असतानाच तो 'गेलं' म्हणाला. खरं औषधसुद्धा इतक्या लवकर लागू पडत नाही. भारीतलं औषध चढायला वेळ लागतो, हे नर्सला कळतं, आणि एके काळी रोज ते टोचून घेतलेल्या माणसाला नर्सपेक्षा जास्त कळतं. खोटं बोलून औषध उकळायचं असतं, तर तो 'काहीच फरक नाही' म्हणाला असता. आणखी दे म्हणाला असता.

त्याला पाणी ओळखता आलं होतं. ओळखणार नाही कसा? बाटली त्यानंच भरली होती.

मग तो बरं वाटलं का म्हणाला?

फोन भावजयीच्या पर्समध्ये वाजला. थोरलीनं पायऱ्या उतरता उतरता तिचा चेहरा पाहिला.

कॅज्युअल्टीच्या दारात बाकावर आत्या बसली होती. पायात एक स्वतःची आणि एक बंडलची चप्पल. तिचा आवाज मुळातच असा, की तिनं खाजगीत काही सांगितलं तर कबुतरं उडायची. आज तो बसला होता.

"या," ती म्हणाली. "सत्कार झाला?"

"आत्या, काय झालं?"

"तुम्ही गेलात. मी म्हटलं, सांग रे एखादी. माझं चौथं मरण बाकी आहे, नीट मार. तर म्हणतो, 'आत्या, आज नाही सुचत.'" आत्यानं थोरलीचं मनगट धरलं. "अगं, जन्मापासून पाहते मी या पोराला. रांगताना खोटं रडायचा. त्याला सुचत नाही? तेव्हा मी ओळखलं. आल्यापासून त्यानं एक तरी गोष्ट सांगितली का गं? नुसतं दुखतंय, दुखतंय. खोटं बोलणारा माणूस इतका कमी बोलतो होय? आपण बसलो मख्खासारखे. मग ओकला. काळं ओकला. मी खिडकीतून बोंब मारली, तेव्हा शेजारची पोरं आली. आणि इथं दाराशी तो एक बोका बसलाय ना, तो काय म्हणाला माहितेय? 'आला का परत?'"

थोरलीची लेक त्याच रुग्णालयात नर्स होती. आज ड्यूटीवर म्हणून ती सत्काराला आली नव्हती. पडदा सारून थोरली आत गेली, तेव्हा लेक मामाच्या कॉटवर बसली होती. आईनं शिकवलं होतं तशी. बंडलचे गुडघे छातीशी, ओठ राखेच्या रंगाचे, आणि पोट लाकडासारखं टणक. ते हात न लावताही कळत होतं.

"जठर फुटलंय," लेक हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, सकाळीच धरलं असतं तर... असो. ऑपरेशन करायचंय. थिएटरमध्ये दुसरी केस चालू आहे, ती संपली की घेतील. पण आई, तोवर दुखण्याचं काही देत नाहीत त्याला."

"का?"

"मामा सांगतोय, तू दुपारी दिलंस. भारीतलं. म्हणून डॉक्टर दुसरा डोस द्यायला तयार नाहीत. श्वास थांबेल म्हणतात. काय दिलं होतंस? किती?"

मधल्यानं मागून थोरलीच्या दंडाला धरलं. "आत्ता काही बोलू नकोस," तो पुटपुटला. "उद्या पेपरात फोटो येणार आहे तुझा. ऑपरेशन होणारच आहे ना? भूल देतीलच ना? थोडा वेळ तर काढायचाय."

"कुणी काढायचाय?" भावजय म्हणाली. नवऱ्याशी तिनं असा आवाज कधी काढला नव्हता.

थोरलीनं दंड सोडवला. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर पलीकडे हात धूत होता. तिच्याच वॉर्डात शिकलेला. तिला पाहून त्याचा चेहरा फुलला, मग प्रसंग ध्यानात येऊन त्यानं तो आवरला.

"डॉक्टर, मी त्याला औषध दिलं नाही," थोरली म्हणाली. "पाणी दिलं. पाण्याचं इंजेक्शन. त्याला दुखण्याचं द्या. आत्ता द्या."

डॉक्टर आधी तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याचे डोळे मऊ झाले, आणि ते पाहून थोरलीच्या अंगावर काटा आला, कारण ते मऊ डोळे त्याला तिनंच शिकवले होते.

"सिस्टर," तो म्हणाला, "तुम्ही? पाण्याचं इंजेक्शन?"

"हो."

"तुमच्या वॉर्डात मी एकदा ती गंमत करायला गेलो होतो, तर तुम्ही माझ्या हातातनं सिरिंज काढून घेतली होती. आठवतं? आज तुमच्या सख्ख्या भावाला तुम्ही पाणी टोचलं, आणि मी ते खरं मानू?" त्यानं मान हलवली. "कळतं मला. भाऊ तळमळतोय, तुम्हाला बघवत नाही. त्याला मिळावं म्हणून तुम्ही स्वतःवर घ्यायला निघालात. ही तुमची माया झाली, सिस्टर. पण मी तुमच्यावर विश्वास ठेवून डोस दिला आणि याचा श्वास बंद पडला, तर?"

"मी पाहिलं, डॉक्टर," भावजय पुढे झाली. "पाणीच होतं. आत्यांच्या इंजेक्शनची कुपी. यांना विचारा, यांनीच सुचवलं."

डॉक्टरनं मधल्याकडे पाहिलं. मधल्यानं छताकडे पाहिलं. "मी गाडी बघत होतो," तो म्हणाला.

"हा खोटं बोलतोय," आत्या पडद्यातून डोकं घालून म्हणाली. "मी समोर होते. पाणी होतं, पाणी!"

"आजी, तुम्ही मघाशी म्हणालात, याला काय दिलं ते तुम्हाला माहीत नाही."

"मघाशी मी थोरलीला सांभाळून घेत होते, बाबा. घरातलं माणूस आहे ते माझं."

"बघा," डॉक्टर थकून म्हणाला. "अख्खं घर एक झालं की असंच होतं. आणि पेशंट शुद्धीवर आहे, तो स्वतः सांगतोय." तो कॉटकडे वाकला. "काका, दुपारी काय दिलं तुम्हाला?"

बंडलनं डोळे उघडले. आधी थोरली दिसली, मग तिच्या काखेतली ती काचेची ओंजळ. तिच्यावर त्याची नजर ठरली.

"सत्कार... झाला?"

"बंड्या," थोरली म्हणाली. बऱ्याच वर्षांत तिनं त्याला या नावानं हाक मारली नव्हती. "सांग त्यांना. पाणी होतं. तुला माहीत होतं ना? सांग."

"बंडल मारतेय ती, डॉक्टर," तो म्हणाला. एकेका शब्दासाठी त्याला थांबावं लागत होतं, पण चेहरा अगदी सरळ होता. आत्याला नदीत बुडवताना असायचा तसा. "एक नंबर... औषध होतं. लगेच... बरं वाटलं."

डॉक्टर सरळ झाला. "तुम्हीच शिकवलंत, सिस्टर," तो आदरानं म्हणाला. "पेशंट म्हणेल ते आधी खरं धरायचं." आणि थिएटर कधी मोकळं होतंय ते विचारायला बाहेर गेला.

मधला केव्हा बाहेर सटकला ते कळलं नाही. लेक उभी राहिली. तिनं आईकडे पाहिलं. पेशंटला हाकलून देणाऱ्या त्या दारावरच्या माणसाकडेसुद्धा ती असं पाहत नसे.

"बाबांच्या बाटलीचं उट्टं काढलंस?"

"मला नाही माहीत," थोरली म्हणाली. खरं होतं ते. तिला खरोखर माहीत नव्हतं.

"मामाला माहीत होतं," लेक म्हणाली, आणि कॉटवरची आपली जागा मोकळी करून बाजूला झाली. "बस. तुझी जागा आहे."

काचेची ओंजळ कुठं ठेवावी ते थोरलीला कळेना. शेवटी तिनं ती खाली फरशीवर, ओकारीच्या भांड्याशेजारी ठेवली. मग कॉटवर बसली. गादी तिच्या बाजूला थोडी दबली, तेवढ्या हिसक्यानंही बंडलचा श्वास अडकला. आयुष्यभर ज्यांच्या शेजारी बसली ती सगळी परकी माणसं. सख्ख्या भावाच्या उशाशी ती आज पहिल्यांदा बसत होती. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि जे वाक्य ती झोपेतही बोलू शकली असती, ते तिला तीनदा गिळून मग बोलता आलं.

"कुठं दुखतंय?"

बंडल तिच्याकडे पाहून हसला. कॉटच्या लोखंडी दांडीवर त्याची मूठ आवळलेली होती, आणि नखं पांढरीफटक पडली होती.

"कुठंच नाही, ताई," तो म्हणाला. "तू दिलंस ना औषध."